बेट तर राहिलंच, आता मुदत जाऊ देऊ नका

मे महिना लागला की सहलींच्या तक्रारींची पत्रं येऊ लागतात. लडाखला गाडी बंद पडली, अंदमानला बोट सुटली नाही, युरोपातलं हॉटेल शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर निघालं. नाशिकहून आलेलं हे पत्रही त्याच जातीचं, फक्त ठिकाण दूरचं. पती-पत्नी दोघंही बँकेतून निवृत्त, पक्ष्यांचं वेड, हिवाळ्यात दर रविवारी नांदूरमध्यमेश्वरची फेरी. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी मुंबईतल्या एका सहल कंपनीकडे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांची, मार्गदर्शकासह पक्षीसहल नोंदवली. दोघांचे मिळून ६ लाख ४० हजार रुपये भरले. त्यात तीन रात्री फेअर आयल बेटावर. त्या तीन रात्रींचे माणशी १ लाख १० हजार रुपये माहितीपत्रकात वेगळे दाखवलेले. १८ जून २०२४ ला सकाळी टिंगवॉलच्या छोट्या धावपट्टीवरून विमान होतं. धुकं उतरलं, विमान उडालं नाही, आणि चौदा जणांचा गट ते तीन दिवस शेटलंडच्या मुख्य गावात, लर्विकच्या हॉटेलात बसून राहिला. कंपनी म्हणते, हवामान आमच्या हातात नाही, करारात तसं कलम आहे. तेव्हापासून ३१ ईमेल झाले. आता विचारता आहात, काय करू?

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा आणि १८ जून २०२६ या तारखेभोवती लाल गोल करा. तुमचं पत्र माझ्या हातात मेच्या पहिल्या आठवड्यात पडलं. म्हणजे जेमतेम सहा आठवडे उरलेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण ज्या दिवशी घडलं, त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या प्रकरणात बाकी जे काही आहे ते या एका तारखेनंतर येतं. तक्रार कितीही खरी असली तरी मुदत गेली की ग्राहक आयोग तिच्या गुणावगुणांत शिरणारच नाही. कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने स्वतःहून तो आधी तपासायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीबद्दल, स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या निकालात स्पष्ट केलं आहे.

तुम्ही मुदत मोजलीत ती फेब्रुवारी २०२५ पासून, कारण तेव्हा कंपनीने अखेरचा नकार कळवला. म्हणून तुमच्या हिशेबाने फेब्रुवारी २०२७ पर्यंत वेळ आहे. हा हिशेब डोक्यातून काढून टाका. सेवा मिळाली नाही ती १८ जूनला. त्यानंतर तुम्ही किती वेळा लिहिलंत, त्यांनी किती वेळा ‘वरिष्ठांकडे पाठवलं आहे’ असं उत्तर दिलं, याने मुदत एक दिवसही पुढे सरकत नाही. ३१ ईमेल म्हणजे तुम्ही मागे लागला होतात याचा पुरावा, एवढंच.

हे कळकळीने लिहितो आहे, कारण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. सहलीचे पैसे बुडालेले. प्रत्येक ईमेलची प्रत काढून, तारखेच्या क्रमाने, वर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावली होती. असं व्यवस्थित बाड फार कमी अशील आणतात. पण त्या आल्या तेव्हा मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. आम्ही विलंबमाफीचा अर्ज केला. त्या अर्जावरच चौदा महिने तारखा पडल्या आणि शेवटी तो फेटाळला गेला. ‘समोरचा देतो-देतो म्हणत होता म्हणून थांबले’ हे पुरेसं कारण ठरलं नाही. मूळ तक्रार कुणी उघडूनही पाहिली नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण तो वापरावा लागेल अशी वेळच आणू नका.

कंपनीने देऊ केलेल्या ७५ हजारांच्या क्रेडिट नोटबद्दल तुम्ही विचारलंत. ते देणं मान्य करणं आहे, तेव्हा त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होत नाही का, असा तुमचा मुद्दा. मुदत कायद्याच्या कलम १८ मध्ये लेखी कबुलीची तरतूद आहे, हे खरं. पण तुम्ही जोडलेल्या ईमेलमध्ये कंपनीने ‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेने’ असे शब्द घातले आहेत. याला कबुली म्हणणं अवघड आहे. युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि ती क्रेडिट नोट घेताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा शब्दांवर सही मागितली तर करू नका.

आता तुमच्या पत्रातल्या, माझ्या मते सर्वांत वजनदार ओळीकडे येतो. ती तुम्ही तिसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, सहज म्हणून लिहिली आहे: ‘माहितीपत्रकात मुक्काम फेअर आयल बर्ड ऑब्झर्व्हेटरीत असं होतं, पण परवा वाचनात आलं की ती इमारत जळाली होती आणि आता नवी सुरू झाली आहे.’

हे आधी सांगायचं होतं! धुक्यावर अडीच पानं खर्च झाली आणि खरा मुद्दा तळाशी राहिला.

मी माहिती चाळली. फेअर आयल हे ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधलं, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं आणि पन्नास-साठ वस्तीचं बेट. तिथली पक्षी वेधशाळा १९४८ पासूनची. येणारे पक्षीनिरीक्षक बहुतेक तिथेच उतरत. १० मार्च २०१९ ला तिला आग लागली आणि इमारत गेली. नवी इमारत पाहुण्यांसाठी खुली झाली ती २०२५ मध्ये. म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये जून २०२४ च्या ज्या मुक्कामाचे पैसे तुमच्याकडून घेतले, तो मुक्काम त्या तारखेला जगात अस्तित्वातच नव्हता. धुकं असो वा लख्ख ऊन.

कंपनीचं हवामानाचं कलम इथे गळून पडतं. ‘आमच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने सेवा देता आली नाही’ असं म्हणायला आधी ती सेवा देण्याची तयारी दाखवावी लागते. बेटावर चौदा जण तीन रात्री कुठे झोपणार होते? कुणाच्या नावाने, कोणत्या तारखेला, किती पैसे भरून खोल्या घेतल्या होत्या? तक्रारीसोबतच अर्ज देऊन ती बुकिंगची कागदपत्रं हजर करायला सांगा. तसंच विमानाचं. टिंगवॉलहून तिथे जाणारं आयलंडर विमान आठेक प्रवाशांचं असतं, म्हणजे चौदा जणांना दोन फेऱ्या हव्यात. दोन फेऱ्यांची तिकिटं होती का? विमान न उडाल्यावर ‘गुड शेफर्ड’ बोटीची चौकशी केली का? ती बोट अडीच तासांत पोचवते, पण बारा प्रवाशांच्या वर घेत नाही. मग चौदा जणांसाठी पर्यायी सोय काय ठरली होती? कंपनीने बुकिंग दाखवलं तर प्रश्न मिटला. नाही दाखवलं, तर धुकं ही फक्त सबब होती असं म्हणायला आयोगासमोर आधार मिळेल.

पण तुमच्यासारख्यांचा पाय घसरतो तो पुढच्या टप्प्यावर. तुम्हाला वाटतं आहे की आगीचं आत्ता कळलं, म्हणजे फसवणूक आत्ता उघड झाली आणि दोन वर्षं आत्तापासून. फसवणुकीने मुदत पुढे जाते हे तत्त्व कायद्यात आहे. पण त्यात एक अट आहे: वाजवी काळजी घेतली असती तरी ते कळलं नसतं, असं दिसलं पाहिजे. २०१९ ची आग ही जगजाहीर बातमी होती. दहा मिनिटं शोधलं असतं तर नोंदणीच्या आधीच कळलं असतं, असं कंपनीचा वकील म्हणणार, आणि त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे तरी सोपं उत्तर नाही. उलट धोका असा की, तक्रार ‘खोटी जाहिरात’ या एकाच पायावर उभी केलीत, तर समोरचा म्हणेल की कारण डिसेंबर २०२३ मध्ये घडलं आणि मुदत केव्हाच संपली. म्हणून तक्रारीत कारणाची तारीख १८ जून २०२४ हीच लिहा: त्या दिवशी ठरलेली, पैसे घेतलेली सेवा मिळाली नाही. माहितीपत्रकातला खोटा मजकूर हा त्या त्रुटीमागचा पुरावा आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून जोडा. क्रम उलटा करू नका.

एक शक्यता मात्र मोकळी ठेवतो. माहितीपत्रकाचा मजकूर जुना राहिला असेल आणि प्रत्यक्षात बेटावर दुसरीकडे कुठे घर किंवा खोल्या घेतलेल्या असतील. मग तुमची बाजू कमकुवत होईल, पण संपणार नाही. न उडालेल्या विमानाचे पैसे कंपनीला परत मिळाले असतील, तर ते तुमच्यापर्यंत का आले नाहीत, हा प्रश्न उरतोच. धुक्यामुळे सेवा न दिल्याची माफी मिळू शकते. न दिलेल्या सेवेचे पैसे गिळण्याची मिळू नये, असं माझं मत आहे.

तुमच्याविरुद्ध जाणारे दोन कागद आहेत आणि ते तुम्हीच तयार केलेत. एक, परतीच्या आदल्या रात्री भरून दिलेला अभिप्रायाचा फॉर्म, ‘सर्व सेवा समाधानकारक’ या चौकटीत खूण आणि खाली तुमची सही. दुसरा, कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटावर तुम्ही टाकलेला शेटलंडच्याच समबर्ग हेड या टोकाचा फोटो, मागे कड्यावर पफिन हे समुद्रपक्षी, आणि खाली ‘आयुष्यभराची आठवण’. आयुष्यभर कर्जाची कागदपत्रं तपासलेल्या माणसाने न वाचता सही करावी याचा मला राग येतो, हे मोकळेपणाने सांगतो. फॉर्म लपवू नका. तक्रारीत स्वतःच नमूद करा की तो बसमध्ये सगळ्यांकडून घाईत भरून घेतला आणि त्यात फेअर आयलचा उल्लेखच नव्हता, जर तसं असेल तर. फोटोबद्दल फार काळजी नको. पफिन समबर्ग हेडलाही दिसतात हे खरं, पण तुम्ही पैसे पफिनचे नव्हते भरले, बेटावरच्या तीन रात्रींचे भरले होते.

मागणी आवरती ठेवा. पत्रात तुम्ही पूर्ण ६ लाख ४० हजार आणि मानसिक त्रासाचे २५ लाख असं लिहिलं आहे. उरलेली सहल झाली, ती तुम्ही उपभोगलीत. २ लाख २० हजार हा तुमचा भक्कम आकडा, त्यावर व्याज, आणि त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल वाजवी रक्कम. त्यातूनही लर्विकच्या हॉटेलचा खर्च वजा करा असं कंपनी म्हणेल. आयोग काय करेल सांगता येत नाही. फुगवलेल्या मागणीने खऱ्या मागणीवरचा विश्वास उडतो, हे अनेकदा पाहिलं आहे.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करा. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. करारातल्या ‘फक्त मुंबईची न्यायालयं’ या ओळीने किंवा लवादाच्या कलमाने सहसा तो अडत नाही. अधिकारक्षेत्र मागणीवर नाही, भरलेल्या मोबदल्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि तुमच्या ६ लाख ४० हजारांसाठी फी आहे २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायद्यात नाही, तेव्हा नोटीस आणि तिच्या उत्तराची वाट यात हे सहा आठवडे घालवू नका. दोघांनीही तक्रारदार व्हा. पावती पत्नीच्या खात्यातून झालेल्या भरण्याची आहे, आणि फक्त तुमच्या नावाने तक्रार केलीत तर विनाकारण फाटे फुटतील.

३२ हजारांचा टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या रकमेवर कंपनीने तुमच्याकडून वसूल केलेला कर, कंपनीकडे मागू नका. तो सरकारजमा झाला आहे आणि त्याचं क्रेडिट आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या विवरणपत्रात मिळायला हवं होतं. फॉर्म २६एएस, म्हणजे नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, काढून पत्नीच्या सीएला दाखवा. तिथेही घेतलं नसेल तर तो वेगळा, जास्त किचकट प्रश्न आहे.

निकाल केव्हा, हे विचारू नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत. माझ्या कपाटात चार वर्षांपूर्वीच्या साध्या परताव्याच्या तक्रारी अजून युक्तिवादासाठी उभ्या आहेत. कुठे सदस्याची जागा रिकामी, कुठे समोरच्याला तारखेवर तारीख. साठीच्या पुढच्या माणसांना असं ताटकळत ठेवणं हा अन्याय आहे आणि त्याची मला चीड येते. तरीही दाखल करा. मुदतीत दाखल झालेली तक्रार उशिरा का होईना ऐकली जाते.

आज रात्रीच त्या व्हॉट्सअॅप गटातला सगळा संवाद एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा. गटाचा चालक कंपनीचा माणूस आहे. नोटीस गेली की तुम्हाला गटातून काढलं जाईल आणि तिथला मजकूरही पुसला जाऊ शकतो. १७ जूनला सकाळी धुक्याच्या अंदाजाबद्दल मार्गदर्शकाने टाकलेला संदेश, ‘उद्या गेलो नाही तरी हॉटेल इथलंच आहे, सामान बांधू नका’, तो त्यात आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. बेटावर जायचं ठरलं असताना लर्विकच्या खोल्या आदल्या दिवसापासूनच राखून ठेवलेल्या होत्या का, हे त्या एका ओळीवरून विचारता येईल. पोर्टलवर सगळं सोमवार, १५ जूनच्या आत चढवा. शेवटच्या तीन दिवसांत सर्व्हर बंद पडला तर त्याची जबाबदारी कुणी घेत नाही.