छोट्या ड्रोनसाठी रिमोट कुठला? आधी रिमोट ठरव, ड्रोन मग बघू

भावा, प्रश्न वाचला. थोडक्यात तुझं असं आहे की घरात आणि गच्चीवर उडवायला ६५ मिमीचा छोटा व्हूप (पंख्यांभोवती रिंगा असलेला बारका ड्रोन) घ्यायचाय, जमलं तर पुढे पाच इंची पंख्यांचा मोठा ड्रोन बांधायचाय, कॉलेजच्या लॅबमध्ये फ्लायस्कायचा एफएस-आय६ रिमोट पडून आहे, आणि तोच वापरावा, मोबाईलवरून उडणारा काहीतरी घ्यावा की नवीन रिमोटवर पैसे घालावेत हे ठरत नाहीये. वर कोल्हापुरात राहतोस म्हणून नियमांचंही विचारलंयस.

माझं मत सरळ आहे. नवीन रिमोट घे, २.४ गिगाहर्ट्झ ईएलआरएसवाला (रिमोट आणि ड्रोनमधली रेडिओ पद्धत, पुढे सांगतो), हॉल गिंबलचा (गिंबल म्हणजे स्टिकची यंत्रणा), बजेट कमी असेल तर रेडिओमास्टर पॉकेट. आणि तो ड्रोनच्या आधी घे. ड्रोन पडणारच, प्रॉप म्हणजे पंखे तुटणार, मोटर जाणार, थोडे दिवस झाले की तुला दुसरी फ्रेम हवीशी वाटणार, पण रिमोट तोच राहतो, आणि बोटांना जी सवय लागते ती त्या स्टिकची लागते. बरेच जण बरोबर उलटं करतात, सगळे पैसे ड्रोन आणि गॉगलवर घालतात आणि उरलेल्या पैशात जो रिमोट येईल तो घेतात, मग सहा महिन्यांनी तो बदलायचा म्हटलं की ड्रोनमधले रिसीव्हर, म्हणजे रिमोटचं ऐकणारे भाग, तेपण बदलावे लागतात.

मोबाईलचं आधी संपवतो. टेलोसारखे ड्रोन मोबाईलवरून वायफायने उडतात, फोटो काढायला, कोडिंग शिकायला छान आहेत, पण ते स्वतःच हवेत स्थिर राहतात, तू फक्त इकडे जा तिकडे जा सांगतोस. तुला उडवायला शिकायचंय. काचेवर अंगठ्याला मधला बिंदू कुठे आहे ते कळत नाही, नजर ड्रोनवर असताना अंगठा हळूहळू सरकतो आणि ड्रोन भिंतीकडे निघतो. स्टिकला स्प्रिंग असते, बोट ढिलं सोडलं की ती मध्ये येते, आणि थ्रॉटलची (ड्रोन वर-खाली नेणारी) तेवढी जिथे सोडशील तिथे राहते. एफपीव्हीचं, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत, सगळं उडवणं या फरकावर उभं आहे.

आता लॅबमधला आय६. त्याला मी नावं ठेवणार नाही, आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कितीतरी पोरांनी त्याच्यावरच पहिला क्वाड (चार मोटरचा ड्रोन) उडवला. सहा चॅनल (एकेक स्टिक किंवा स्विचचा वेगळा सिग्नल), चार पेन्सिल सेल, चालू करताना सगळे स्विच वर आणि थ्रॉटल खाली नसेल तर ओरडतो आणि पुढे जाऊ देत नाही, ही सवय पण चांगली लावतो. मोठा ४५० फ्रेमचा क्वाड किंवा थर्माकोलचं विमान असेल तर आजही खुशाल वापर. पण व्हूपसाठी गोष्ट वेगळी होते. त्याच्यासोबत येणारा आयए६बी रिसीव्हर जवळजवळ १५ ग्रॅमचा आहे, आणि ६५ मिमीचा अख्खा व्हूप बॅटरीशिवाय वीस-बावीस ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे तो त्यावर बसवायचा विषयच नाही. फ्लायस्कायचे ए८एससारखे ग्रॅम-सव्वा ग्रॅमचे रिसीव्हर आहेत, पण व्हूपच्या बोर्डावर रिसीव्हर आधीच छापलेला असतो आणि आता बाजारात जे व्हूप येतात त्यात तो बहुतेक ईएलआरएसच असतो. शिवाय आय६ला सिम्युलेटरसाठी यूएसबी नाही, मागच्या गोल ट्रेनर पोर्टला वेगळी केबल शोधावी लागते, आणि मागे मॉड्यूल लावायची जागा नाही, त्यामुळे उद्या प्रोटोकॉल, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरची भाषा, बदलायचा म्हटलं तरी मार्ग नाही.

ईएलआरएस म्हणजे एक्सप्रेसएलआरएस, ओपन सोर्स आहे, रेडिओमास्टर, बीटाएफपीव्ही, हॅपीमॉडेल सगळे त्याचं हार्डवेअर बनवतात आणि एकाचा रिमोट दुसऱ्याच्या रिसीव्हरशी बोलतो. नवशिक्याला हा सगळ्यात मोठा फायदा, एका कंपनीच्या दावणीला बांधलं जायचं नाही. डीजेआयच्या एफपीव्ही रिमोटचं नेमकं उलट आहे, ते त्यांच्याच एअर युनिटशी (ड्रोनवरच्या व्हिडिओ पाठवणाऱ्या भागाशी) चालतात, तुझा बारका ॲनालॉग व्हूप त्यावर उडणार नाही. ईएलआरएसच्या आत लोरा नावाची सिग्नल पाठवायची पद्धत आहे, २.४ वर सेकंदाला ५० पासून ५०० पर्यंत पॅकेट पाठवता येतात, पॅकेट जास्त म्हणजे स्टिक हलवल्यापासून ड्रोन हलेपर्यंतचा वेळ कमी, पॅकेट कमी म्हणजे रेंज जास्त. तुला गच्चीवर २५० ठेवलं तरी पुष्कळ. पॉवरपण २५ मिलीवॉटवर घरात आरामात चालतं, पॉकेट २५० मिलीवॉटपर्यंत जातो, बॉक्सर एक वॉटपर्यंत, पण एक वॉट आहे म्हणून बॉक्सर घेऊ नकोस, त्याची गरज तुला पाच इंचीवर दूर जायला लागलास तर पडेल.

काही जण तुला सांगतील ९०० मेगाहर्ट्झचं घे, रेंज लांब जाते. घेऊ नको. आपल्याकडे लायसन्स न लागणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, अमेरिकेसाठीचं ९१५वालं हार्डवेअर सरळ मोबाईल कंपन्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या शेजारी जाऊन बसतं. ईएलआरएसमध्ये भारतासाठी वेगळं ८६६चं सेटिंग आहे, पण त्याच्यात चॅनलच मोजके आहेत, आणि व्हूपमध्ये ९०० येतच नाही. २.४ घेतलास की हा सगळा विषय मिटला. व्हिडिओ ५.८ वर जातो त्यामुळे दोघांची आपापसात भांडणंही होत नाहीत.

गिंबलवर जरा थांबतो, कारण लोक स्क्रीन रंगीत आहे का बघतात आणि गिंबल बघत नाहीत. साध्या गिंबलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, आत पट्टीवर एक पत्रा घासत फिरतो, वापरून धूळ जाऊन तो झिजतो. हॉलमध्ये चुंबक आणि सेन्सर, मध्ये काही घासत नाही. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर लॅबमधला आय६ आणि कुणाचा तरी हॉलवाला रिमोट दोन्ही आळीपाळीने बीटाफ्लाइटच्या (ड्रोनच्या बोर्डाचं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवरून सेट करतात) रिसीव्हर टॅबवर लावून बघ. स्टिक सोडल्यावर आकडा १५०० वर थांबायला पाहिजे. जुन्या पोटेन्शिओमीटरवर तो १४९६, १५०३, १४९९ असा सारखा थरथरत राहतो, स्टिक एकदा उजवीकडून सोडली तर एक आकडा आणि डावीकडून सोडली तर दुसरा. हॉलवर एकदा बसला की बसला. व्हूप घरात दाराच्या फटीतून काढायचा असतो तेव्हा ही थरथर हाताला जाणवते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट आहे.

मग पॉकेट का बॉक्सर का टीएक्स१६एस? हात बघ. अंगठ्याने उडवणार असशील, गेमपॅडची सवय असेल, तर पॉकेट हातात नीट बसतो, अँटेना दुमडते, स्टिकची टोकं काढून ठेवता येतात, कॉलेजच्या सॅकमध्ये जातो. हात मोठे असतील किंवा अंगठा-तर्जनीच्या चिमटीत स्टिक धरायची असेल तर बॉक्सर बरा, गिंबल पूर्ण आकाराचे आहेत आणि सेटिंग बारीक करता येतं, पण पैसे बरेच जास्त. टीएक्स१६एस सुंदर यंत्र आहे, टचस्क्रीन आहे, विमान-हेलिकॉप्टर सगळं करणाऱ्याला शोभतं, व्हूपसाठी तो गळ्यात अडकवून फिरायची गरज नाही. बीटाएफपीव्हीचे लाइटरेडिओ किटसोबत येतात, तेही चालतील, फक्त खोक्यावर ईएलआरएस लिहिलंय ना बघ, कारण त्याच मॉडेलमध्ये फ्रस्कायवालंही (वेगळा प्रोटोकॉल) येतं. पॉकेटचंही तसंच, एक ईएलआरएसचा आणि एक सीसी२५००चा (दुसऱ्या प्रोटोकॉलची चिप), दिसायला सारखे. ऑर्डर करताना हे वाच, आणि मोड २ निवड, म्हणजे थ्रॉटल डावीकडे. आपल्याकडे जवळपास सगळे मोड २ वरच उडवतात, अडलास तर कोणीही तुझा रिमोट हातात घेऊन दाखवू शकेल.

बॅटरी पॉकेटमध्ये येत नाही, दोन १८६५० सेल वेगळे घ्यावे लागतात. इथे फसवणूक खूप आहे. ९९०० एमएएच छापलेले चमकदार सेल मिळतात, ते सगळे खोटे. चांगला सेल २५०० ते ३५०० एमएएचचा असतो, त्याहून फार मोठा आकडा दिसला की दुकान बदल. प्रोटेक्शन सर्किटवाले सेल थोडे लांब असतात, खणात कधीकधी अडकतात, म्हणून साधे घे, दोन्ही एकाच मेकचे, एकाच वेळी घेतलेले. टाकताना अधिक-उणे दोनदा बघ.

व्हूप घेताना एक गोष्ट विक्रेत्याला विचार, बोर्डवरचा ईएलआरएस रिसीव्हर एसपीआय आहे का सिरीयल (बोर्डाला जोडायच्या दोन पद्धती). एसपीआय असेल तर त्याचं ईएलआरएस व्हर्जन बीटाफ्लाइटमध्येच गुंफलेलं असतं, बीटाफ्लाइट ४.३ असेल तर ईएलआरएस २, आणि ४.४ पासून ईएलआरएस ३. रिमोट ३ वर आणि व्हूप २ वर असेल तर कितीही वेळ बाइंडचं (रिमोट-रिसीव्हर जोडायचं) बटण दाबून बस, होणार नाही, आणि लोक शेवटी रिसीव्हर खराब म्हणून परत पाठवतात. पहिला आकडा दोन्हीकडे सारखा पाहिजे, एवढंच.

बाइंडिंग फ्रेज, म्हणजे जोडणीसाठी टाकायचे शब्द, याबद्दल तुमच्या कॉलेज ग्रुपसाठी मुद्दाम लिहितोय. रिमोटमध्ये आणि रिसीव्हरमध्ये एकच फ्रेज टाकली की आपोआप जोडलं जातं, बटणं दाबायला नकोत. पण क्लबमधले सगळे मिळून कॉलेजचं नाव फ्रेज म्हणून टाकतात, आणि मग एकाचा रिमोट चालू असताना दुसरा शेजारी आपला चालू करतो, दोघांची फ्रेज तीच, आणि हवेतला ड्रोन कुणाचं ऐकायचं या घोळात खाली येतो. प्रत्येकाची फ्रेज वेगळी आणि लांब. ही फ्रेज पासवर्ड नाही, तिने काही सुरक्षित होत नाही, फक्त कोण कुणाचं हे ठरतं.

रिमोट आला की आधी सिम्युलेटर. एजटीएक्सवाल्या (पॉकेट, बॉक्सरमधलं सॉफ्टवेअर) रिमोटला यूएसबी-सी केबल लावली की स्क्रीनवर विचारतो, जॉयस्टिक निवड. पॉकेटला दोन पोर्ट आहेत, एक फक्त चार्जिंगचं, त्यामुळे कॉम्प्युटरने ओळखलं नाही तर आधी दुसरं पोर्ट बघ. व्हेलोसीड्रोन, लिफ्टऑफ यातलं कुठलंही चालेल, ॲक्रो मोडवरच, म्हणजे ड्रोन आपोआप सरळ होत नाही त्या मोडवरच, शिक. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर गच्चीवर तसंही जाता येत नाही, ते महिने यातच घाल. सिममध्ये एका दारातून न धडकता सलग जायला लागलास की व्हूप मागव.

नियमांचं. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, २५० ग्रॅम ते दोन किलो म्हणजे मायक्रो, तोही हौसेसाठी उडवत असशील तर लागत नाही. पाच इंची बॅटरीसकट मायक्रोमध्ये जातो हे ध्यानात ठेव. उजळाईवाडीचं विमानतळ शहरापासून लांब नाही, त्यामुळे गच्चीबाहेर पडायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर तुझी जागा कुठल्या रंगात येते ते बघ, रेड झोनमध्ये परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी गर्दीत उडवायचा मोह होतो, तो टाळ. गॉगल लावणार असशील तर शेजारी एक जण उघड्या डोळ्यांनी ड्रोन बघणारा पाहिजे. आणि तयार ड्रोन परदेशातून मागवायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग चालतात, म्हणून रिमोट आणि व्हूप दोन्ही इथल्याच विक्रेत्याकडून बिलासकट घे, कस्टम्समध्ये पार्सल अडकलं की महिने जातात.

शेवटी पहिल्या दिवशी काय करायचं. प्रॉप काढून ठेव. रिमोट चालू कर, अँटेना लागलेली आहे ना बघ, मग व्हूपला बॅटरी. रिसीव्हरचा दिवा स्थिर लागला म्हणजे जोडला गेला. सावकाश लुकलुकत असेल तर रिमोट शोधतोय, आणि तीनदा लुकलुकून थांबत असेल तर जोडला गेलाय पण मॉडेल मॅच (रिमोट आणि रिसीव्हरमधला मॉडेल नंबर) जुळत नाही, रिमोटमध्ये मॉडेल नंबर तपास. बीटाफ्लाइटच्या रिसीव्हर टॅबवर एकेक स्टिक हलव, थ्रॉटल हलवल्यावर थ्रॉटलचीच पट्टी हलली पाहिजे, रोलची (डावी-उजवीकडे कलणं) हलली तर चॅनल मॅप, म्हणजे चॅनलचा क्रम, बदल. आर्मचा (मोटर सुरू करायचा) स्विच पाचव्या चॅनलवर आणि दोन पोझिशनचाच ठेव, ईएलआरएस तो चॅनल फक्त चालू-बंद असाच पाठवतं, तीन पोझिशनचा लावून मधल्यावर आर्म करायला जाशील तर गोंधळ होईल. आता प्रॉप नसतानाच आर्म कर, थ्रॉटल थोडा वर घे, मोटर फिरू दे, आणि रिमोट सरळ बंद कर. मोटर एक-दोन सेकंदांत थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर फेलसेफ (संपर्क तुटल्यावर काय करायचं) टॅब उघड, ड्रॉप निवड, परत हीच टेस्ट घे. हे पास झालं की मग प्रॉप लाव. अडलास तर रिसीव्हरचा दिवा कसा लुकलुकतोय ते आणि दोन्हीकडचं व्हर्जन लिहून टाक, तेवढ्यावरून बहुतेक वेळा सांगता येतं.