गाडी कुणाला वाचवणार, हे कधी ठरतं?

विनाचालक गाड्यांवरच्या मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं देते आहे. माझं निम्मं आयुष्य पुण्यात गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्यात गेलं. जे हाताखालून गेलंय त्याच्या आधारानेच बोलेन.

कोथरूडहून एक विद्यार्थिनी विचारते: आमच्या वर्गात वाद झाला. कर्वे रस्त्यावर गाडीसमोर अचानक लहान मुलगा आला आणि गाडी वळवली तर फुटपाथवर दोन आजी उभ्या आहेत. विनाचालक गाडीने कुणाला वाचवावं?

तुमच्या वर्गातला वाद १९६७ पासून चालू आहे. त्या वर्षी फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी ट्रॅमचं उदाहरण मांडलं: ट्रॅम आवरत नाही, सरळ गेली तर पाच माणसं मरतात, दुसऱ्या रुळावर नेली तर एक. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हाच पेच गाडीवर बेतून 'मॉरल मशीन' नावाने इंटरनेटवर ठेवला. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले तोवर २३३ देश-प्रदेशांतून सुमारे ४ कोटी कौल जमले होते. जास्त माणसं वाचवा, लहानांना आधी वाचवा, असा बहुतेकांचा कल होता. मात्र लहानांना झुकतं माप देण्याची ओढ पूर्वेकडच्या अनेक देशांत बरीच कमी निघाली.

लोकांच्या मनात काय आहे हे कळायला हे मोलाचं आहे. त्यावर बेतून गाडी मात्र बनवू नये, असं माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्याने आजींचं वय ताडायचं आणि त्यावरून त्यांच्या जिवाचं मोल ठरवायचं, असं यंत्र मला कर्वे रस्त्यावर नको आहे. जर्मन सरकारने नेमलेल्या समितीने २०१७ मध्ये २० नियम दिले. त्यात वय, लिंग, शारीरिक किंवा मानसिक स्थिती पाहून माणसामाणसांत फरक करायला सक्त मनाई केली आहे. मला ते पटतं.

आता त्या मुलाकडे येऊ. तो २० मीटरवर रस्त्यात आला असं धरा. ताशी ५० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. माणसाला दिसून, कळून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २१ मीटर गेलेली असते. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच मुलगा गेला. तीच गाडी ३० ने चालली असती तर दीड सेकंदात साडेबारा मीटर आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी पाचेक मीटर. मुलगा वाचला, आजीही वाचल्या, आणि तुमचा वाद सुरूच झाला नाही. त्या मुलाचा निर्णय खरं तर शंभर मीटर मागे झाला, वेग किती ठेवायचा हे ठरलं तेव्हा.

पुण्यात महामार्गावरच्या नवले पुलाचे अपघात आठवा. नव्या कात्रज बोगद्यातून खाली येताना इंधन वाचवायला जो ट्रक न्यूट्रलवर टाकतो, त्याच्यापुढे पुलाशी पोहोचल्यावर निवडायला काही उरलेलंच नसतं. यंत्राचंही तसंच आहे. पार्क केलेल्या गाड्यांमागून मूल येऊ शकतं हे धरून ते हळू चालतं का, हा मला सर्वांत मोठा नैतिक प्रश्न वाटतो. तो कुणीतरी कचेरीत बसून, हातात भरपूर वेळ असताना सोडवलेला असतो.

सिंहगड रस्त्याहून हिंजवडीला जाणारे एक अभियंता: गाडीचे पैसे मी मोजणार. मग तिने आधी मला आणि माझ्या मुलांना वाचवायला नको का?

तुमच्यासारखंच बहुतेकांना वाटतं. २०१६ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांनी जास्तीत जास्त जीव वाचवणाऱ्या गाडीचं कौतुक केलं, पण स्वतःसाठी घ्यायची वेळ आली तेव्हा आतल्यांना जपणारी गाडी हवी म्हणाले. बापाचं मन मला कळतं. तरी सांगते, तुमच्याभोवती पत्रा आहे, पट्टा आहे, एअरबॅग आहे. शेजारून स्कूटरवर जाणाऱ्या बाईभोवती ओढणीशिवाय काही नाही, आणि धोका घेऊन येते ती तुमची गाडी. जर्मन समितीने हेही लिहिलं आहे: वाहनाचा धोका जे निर्माण करतात, त्यांनी त्यात नसलेल्यांचा बळी देऊ नये. पैसे मोजून तुम्ही गाडी विकत घेता. त्या बाईचा रस्ता त्यात येत नाही.

सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक: आषाढी वारीच्या पालख्या आल्या की रस्ता वारकऱ्यांचा होतो. या गाडीला ते कळेल का?

सर, तुमच्या प्रश्नावर मी दोन रात्री विचार केला. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं. पिशव्या अडकवलेली सायकल हाताने ढकलत त्या चालल्या होत्या. तपासात निघालं ते असं: धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारला त्या दिसल्या होत्या. पण यंत्र कधी त्यांना वाहन समजलं, कधी 'इतर' काही, कधी सायकल, आणि दरवेळी ओळख बदलली की आधीचा माग पुसून नव्याने सुरुवात. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे त्या यंत्रणेत धरलेलंच नव्हतं. गाडीचे मूळचे आपोआप लागणारे ब्रेकही संगणक चालवत असताना बंद ठेवले होते.

म्हणजे 'या बाईंना मारू का' असा प्रश्न यंत्राला पडलाच नाही. माणूस कशाला म्हणायचं, हे लिहिताना त्या सुटून गेल्या होत्या. आता डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, खांद्यावर पताका घेतलेला म्हातारा, हडपसरच्या पुढे ट्रकच्या सावलीला आडवे झालेले वारकरी डोळ्यांसमोर आणा. मंडईबाहेरचा पाटीवाला आणा. जे यंत्र यांना ओळखू शकत नाही, त्याने न ओळखता थांबावं. समोर काय आहे हे कळत नसेल तर आधी ब्रेक, नाव नंतर. परदेशातल्या मोकळ्या रस्त्यांवर शिकलेली गाडी पेठांत आणायची असेल, तर ही अट मी पहिली घालीन.

एक वाचक: नव्या गाडीत लेन धरून चालण्याची आणि आपोआप ब्रेक लागण्याची सोय आहे. एक्सप्रेसवेवर हात सोडले तर चालेल?

नाही. गाडी आपली आपण किती चालते, याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. त्यांत ही सोय फार तर दुसऱ्या पायरीची आहे. तिथे चालक तुम्हीच. नजर रस्त्यावर आणि हात स्टिअरिंगवर.

हडपसरचे एक निवृत्त बसचालक: आमच्या हातून माणूस गेला तर आम्ही आत जातो. यंत्राच्या हातून गेला तर कोण आत जाणार?

टेंपीत खटला चालला तो गाडीत देखरेखीला बसवलेल्या बाईंवर. त्या फोनवर कार्यक्रम पाहत होत्या. २०२३ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, मिळाली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. त्या बाईंची चूक होतीच. पण ब्रेक बंद ठेवणारे हात त्यांचे नव्हते, ही गोष्ट मला आजही टोचते.

आपल्याकडे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा कायदा समोर माणूस आहे असं धरून चालतो. ब्रिटनने २०२४ मध्ये कायदा करून ठरवलं, की परवानगी मिळालेली गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याचा दोष आत बसलेल्यावर येणार नाही. त्यासाठी आधीच नोंदवलेली संस्था जबाबदार असेल. आपल्याकडेही गाडी रस्त्यावर येण्याआधी जबाबदार कोण ते कागदावर यावं, आणि अपघाताची नोंद कंपनीच्या ताब्यात राहू नये. काका, तुम्ही जन्मभर वाहिलेलं ओझं हवेत विरून जाता कामा नये.

नऱ्ह्याहून एक आई: माझा मुलगा दुचाकीवरून येताना गेला. यंत्र चालवत असतं तर वाचला असता का?

ताई, तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही. त्याने काही जीव नक्की वाचतील. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. यातल्या कित्येकांना वाचवायला लागणाऱ्या गोष्टी आजही आपल्या हातात आहेत: कमी वेग, फुटपाथ, पेटता दिवा.

तुम्ही पत्रात लिहिलेली ती दुभाजकातली फट आणि तो बंद दिवा मी मागच्या आठवड्यात संध्याकाळी जाऊन पाहिला. दोन्ही तसंच आहे. मी फोटो काढले, फटीची रुंदी आणि दोन्ही बाजूंनी किती अंतरावरून वाहन दिसतं ते मोजलं आणि संबंधित कार्यालयाला लेखी कळवलं. तुमची हरकत नसेल तर तुमचं पत्र, नाव झाकून, त्याला जोडते.