आणीबाणीत सुप्रीम कोर्ट गप्प का बसलं?

प्रश्न : आणीबाणीत लोकांना विनाचौकशी आत टाकलं तेव्हा कोर्ट गप्पच होतं ना? मग घटनेचा उपयोग काय?

उत्तर : सगळे गप्प नव्हते हो. २८ एप्रिल १९७६ ला पाचपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले, म्हणजे अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही, पण हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. सुनावणीत त्यांनी ॲटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांना, सरळ विचारलं होतं की पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर काय, आणि उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर कोर्टात इलाज नाही!! घटना तीच, पुस्तक तेच, फक्त वाचणाऱ्याच्या अंगात धमक लागते, असं मला तरी वाटतं. १९७७ मध्ये त्यांना डावलून ज्युनिअरला सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. चौघांचा तो निकाल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच मोडीत काढला.