टेलर मास्तरांना विचारा : आधी खांदा, मग रंग

प्रश्न : मास्तर, मी २४ वर्षांचा, डोंबिवलीचा. नुकतीच बीकेसीत नोकरी लागली. सेलमध्ये आठ शर्ट घेतले, सगळे ४० नंबरचे. त्यातले दोनच बरे बसतात. बाकीचे कुठे फुगतात, कुठे ओढले जातात. माझ्या अंगाची ठेवणच वेडीवाकडी आहे का? आणि ऑफिससाठी नेमके किती कपडे लागतात?

उत्तर : अंगाला दोष देऊ नकोस. फॉर्मल शर्टावरचा ४० हा आकडा बहुतेक वेळा गळ्याचा असतो, सेंटिमीटरमध्ये. म्हणजे साधारण पावणेसोळा इंच. छाती आणि पोट किती ठेवायचं, बाही किती लांब, हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. कॅज्युअल शर्टावर तोच ४० छातीचा इंचातला आकडा असू शकतो. म्हणून नंबरावर विसंबू नकोस, घालून बघ.

शर्ट घातल्यावर सगळे आधी पोटाकडे बघतात. तू खांदा बघ. बाही जिथे खांद्याला जोडलेली असते ती शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. दंडावर उतरली तर शर्ट मोठा, मानेकडे सरकली तर लहान. असा शर्ट तिथेच ठेवून दे, कितीही स्वस्त असला तरी. कारण बाकी सगळं आल्टर होतं. पोटाला दाबता येतं, उंची कापता येते, बाही कफ उसवून इंचभर कमी करता येते. खांदा दुरुस्त करायचा तर बाही, मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई), कधी कधी कॉलरसुद्धा उसवावी लागते. त्या मजुरीत थोडी भर घातली की नवा शर्ट शिवून होतो.

दुसरी परीक्षा तुमच्या लोकल गाडीतली. ट्रायल रूममध्ये वरची कडी धरल्यासारखा हात वर कर. अख्खा शर्ट पँटीतून निघून वर आला, तर मुंढा खोल आहे. खोल मुंढा म्हणजे ऐसपैस, असं गिऱ्हाईक समजतं आणि आमच्याकडे येऊन तो वाढवून मागतं. प्रत्यक्षात उलट घडतं. मुंढा काखेच्या जवळ असला की हात एकटा वर जातो, शर्ट जागेवर राहतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, तरी सांगायचा कंटाळा येत नाही, कारण दिवसभर शर्ट खोचत राहणाऱ्या माणसाचं लक्ष कामात कसं लागणार?

गळ्याचं बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटं जावीत. छातीच्या बटणांभोवती फुलीसारख्या चुण्या दिसल्या तर शर्ट तंग आहे.

आता किती कपडे. पाच शर्ट, दोन पँट, एवढ्यावर सुरुवात कर. दोन पांढरे, दोन फिके निळे, एक बारीक रेघांचा. पँट एक गडद राखाडी, एक नेव्ही ब्लू. काळी आत्ता नको, दोन-चार महिन्यांत धुऊन विटते आणि फिक्या शर्टाखाली फार उठून दिसते. या पाचातला कुठलाही शर्ट या दोनातल्या कुठल्याही पँटवर चालतो, सकाळी गाडीच्या घाईत विचार करावा लागत नाही.

शिवून घ्यायचे असतील तर मंगलदास मार्केट किंवा हिंदमाता गाठ. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर पुरतं. ३६ इंच पन्हा असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर घे. शुद्ध सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव. पहिल्याच धुण्यात कापड आटतं आणि बोल मास्तरला बसतो.

प्रश्न : उंची ५ फूट ४ इंच, पोट सुटलेलं. उभ्या रेघांचे शर्ट घातले की उंच दिसतो म्हणतात, खरं आहे का? (एक वाचक, परळ)

उत्तर : थोडंफार. पण तुमचं काम रेघांनी नाही, पँटीने होईल. पोट असलेली माणसं पँट पोटाखाली बांधतात, त्यामुळे पाय आखूड दिसतात, पोट पुढे येतं आणि पट्टा दिवसभर वर ओढावा लागतो. शिंप्याला सांगा, आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) जरा उंच ठेव आणि पुढे दोन्ही बाजूंना एकेक प्लीट, म्हणजे चुणी, घाल. बसताना मांडीवर ताण येत नाही. बॉटम, म्हणजे पँटीच्या पायाचा खालचा घेर, १५ इंचांच्या आसपास, आणि पँट बुटावर जेमतेम टेकेल इतकीच लांब. बुटावर गोळा झालेलं कापड उंची खातं.

प्रश्न : मास्तर, वडील मागच्या वर्षी गेले. त्यांच्या लग्नातला गडद निळा लोकरीचा कोट आईने जपून ठेवलाय. माझा भाऊ वडिलांपेक्षा बारीक आहे. त्याला तो बसेल असा करता येईल का? की हात न लावता तसाच ठेवावा? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ताई, घालता येत असेल तर घालावा. कपाटात कोट टिकत नाही, पावसाळा आणि कसर त्याला खातात.

आधी कोट खिडकीत उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर रफूवाल्याकडे न्या, मग शिंप्याकडे. नंतर भावाला घालायला देऊन फक्त खांदे बघा. खांदा पाऊण इंचापर्यंत बाहेर असेल तर जाणता कारागीर बाही काढून तो आत घेऊ शकतो. त्याहून जास्त असेल तर मी नको म्हणेन. पाठीच्या आणि बाजूच्या शिवणी दाबणं सोपं आहे. लांबी मात्र फार कमी करू देऊ नका, खिसे जागेवरच राहतात आणि कोट खालून तोडल्यासारखा दिसतो.

कोटाची छाती चिमटीत धरून बघा. वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये तिसरा थर सुटा सरकत असेल तर आतला कॅनव्हास टाके घालून बसवलेला आहे. असा कोट पुन्हा पुन्हा उसवता येतो. हल्लीच्या बऱ्याच कोटांत हा थर उष्णतेने चिकटवलेला असतो, तो सुटला की छातीवर फोड आल्यासारखं दिसतं आणि ते इस्त्रीने जात नाही.

शिंप्याला एकच बजावून सांगा : कापड कापायचं नाही, आत दुमडायचं. उद्या भाऊ अंगाने भरला किंवा त्याच्या मुलाला कोट हवा झाला तर ते कापड लागेल. ड्रायक्लीनची प्लॅस्टिकची पिशवी घरी आल्या आल्या काढा. आपल्या दमट हवेत ती आत ओल धरते आणि बुरशी येते. जुन्या सुती साडीचा खोळ शिवा, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा.

प्रश्न : मे महिन्यात दादरला लग्न आहे. थ्री-पीस सूट शिवू का? (एक नवरदेव, ठाणे)

उत्तर : मेमध्ये वेस्टकोट नको. विधींना रेशमी सोवळं किंवा धोतर असेलच, सूट रिसेप्शनपुरता. हलक्या, सुट्या विणीच्या लोकरीचा टू-पीस शिवा आणि कोटाला अस्तर अर्धंच लावायला सांगा, पाठ मोकळी राहते. पॉलिएस्टर चकाकतं आणि घाम कोंडतं, स्टेजवर दिव्यांखाली तीन तास उभं राहायचंय तुम्हाला. माप मार्चमध्ये द्या, एप्रिलपासून आमच्या मशिनी थांबत नाहीत. ट्रायलला येताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून या. चपलेवर घेतलेली पँटीची उंची बुटावर चुकते.