कॅमेरा आधी की कुलूप?

प्रश्न: शेजारी घरफोडी झाल्यापासून झोपच उडालीये. आम्ही दोघंही दिवसभर कामावर असतो, बजेट थोडंच आहे, तर कॅमेरा घेऊ की अलार्म?

उत्तर: भीती वाटणं साहजिक आहे हो, पण आधी दाराकडे बघा. चोर कुलूप उघडत बसत नाही सहसा, तो लाथ मारतो नाहीतर पहार घालतो, आणि तेव्हा बऱ्याचदा तुटतं ते कुलूप नाही तर चौकटीतली ती पातळ पट्टी जिच्यात बोल्ट अडकतो, कारण ती एवढ्याशा स्क्रूवर असते! सुताराकडून जाड पट्टी, लांब स्क्रू आणि निदान 1 इंच बाहेर येणारा बोल्ट बसवून घ्या, मला तरी हाच खर्च सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाल्कनीचं सरकतं दार असेल तर खाचेत दांडकं टाका. पायपुसण्याखाली चावी तर कृपा करून ठेवू नका.

मग पैसे उरले तर अलार्म, कारण आवाजाने चोर पळतो, कॅमेरा नुसतं रेकॉर्ड करतो, दार धरून ठेवत नाही. संध्याकाळी घरी यायला उशीर होत असेल तर टायमरवर एक दिवा लावा आणि फिरायला गेलात की फोटो परत आल्यावरच टाका.