नाही म्हणायला शीक

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सुरुवातीला तुझ्या ओपन सोर्स प्रकल्पाबद्दल (ज्याचा कोड कुणीही वाचू, वापरू आणि सुधारू शकतो) भरभरून लिहिलं आहेस आणि शेवटच्या चार ओळींत पार थकलेला दिसतोस. मला दोन्ही ओळखीचं आहे.

माझ्या अशाच प्रकल्पासाठी मला आलेला पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, एका ओळीचा होता. तारखा मोजताना मी लीप वर्ष विसरलो होतो. कधीही न भेटलेल्या कुणीतरी ती चूक शोधली, दुरुस्त केली आणि वर ती तपासणारी टेस्टही लिहून पाठवली. ती दुरुस्ती मूळ कोडमध्ये मर्ज (सामील) केल्यावर मी बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. माझा कोड इतक्या मनापासून तोवर कुणी वाचला नव्हता. हे सुख मला पगाराच्या कामात कधी मिळालं नाही. पुढे इतरांचे पॅच तपासताना मी जेवढं शिकलो, तेवढं स्वतः लिहूनही शिकलो नसतो.

पण वापरणारे वाढले की कोड लिहायला वेळ उरत नाही, दिवस उत्तरं देण्यात जातो. एकदा रात्री साडेअकराला इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेली तक्रार, आला: ‘तुमच्या नव्या व्हर्जनमुळे आमचं काम बंद पडलंय, आजच दुरुस्त करा.’ व्हर्जन कुठलं ते नाही, एररचा मजकूर नाही. मला ताप होता. तरी उठलो, घाईघाईत बदल केला, सगळ्यांसाठी नवं व्हर्जन म्हणजे रिलीज काढलं आणि सकाळपर्यंत आणखी चौघांचं बिघडवून ठेवलं. ज्या लायसन्सखाली मी कोड दिला होता, त्यात स्पष्ट लिहिलंय की तो ‘जसा आहे तसा’, कुठल्याही हमीशिवाय दिलाय. ते वाक्य मी स्वतःच गांभीर्याने घेतलं नव्हतं.

थकवा कुणालाच चुकत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाले. निमित्त होतं भाषेत आणलेल्या एका नव्या चिन्हावरून पेटलेल्या वादाचं. वर्षानुवर्षं वाद झेलणं किती जड जातं, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

एक्सझेडची गोष्ट तर तू नीट समजून घे. डेटा आकुंचित करणारं हे साधन असंख्य लिनक्स मशिनांवर असतं. ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, बिनपगारी. २०२२ मध्ये काही खाती ‘कामाला वेग नाही’ म्हणून त्याच्यामागे लागली. मानसिक स्वास्थ्य ठीक नसल्याचंही त्याने सांगितलं. त्याच काळात मदतीला आलेल्या एकाने चिकाटीने पॅच देत विश्वास कमावला, रिलीज काढायचे अधिकार मिळवले आणि २०२४ च्या सुरुवातीला आत चोरदरवाजा बसवला. तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशिनमध्ये दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं.

त्या सांभाळणाऱ्याला मी दोष देत नाही, जीव मेटाकुटीला आला की पुढे आलेला हात कुणीही धरेल. म्हणूनच सोबती आत्ता शोध, अंगात बळ आहे तोवर. महिनोन् महिने त्याचं काम बघ. इतरांशी तो कसा बोलतो तेही बघ. अधिकार हप्त्याहप्त्याने दे, रिलीजची किल्ली सगळ्यात शेवटी. एखादं फीचर नको असेल तर पहिल्याच दिवशी ‘नाही’ म्हण आणि कारण दोन ओळींत लिही. मी ‘बघू’ म्हणत लोकांना झुलवत ठेवलं, त्याने ते जास्त दुखावले. एखादा महिना रिलीज नाही निघालं तर तसं आधीच सांगून टाक आणि खुशाल झोप.

तुझ्या प्रकल्पात एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणीतरी पाठवलेला बदल स्वीकारण्याची विनंती, तीन आठवड्यांपासून उघडी आहे. पाठवणाऱ्याने दोनदा नम्रपणे विचारलंय, टेस्टही लिहिल्या आहेत. आज बाकी काही करू नकोस. तेवढं त्याला उत्तर दे, नकार असला तरी चालेल.

तुझा,
एक जुना मेंटेनर