ट्रेकसाठी पुणे की मुंबई?
अरे दोन्हीकडे नोकरी मिळतेय ना, मग नुसता शनिवार-रविवार नको बघू, रोजचं बघ. पुण्यात कोथरूड किंवा पाषाणकडं घर घेतलंस तर ऑफिसच्या आधी वेताळ टेकडी चढून येता येतं आणि सिंहगडाला स्वारगेटवरून पीएमपीची बस थेट पायथ्याला आतकरवाडीपर्यंत जाते, स्वतःची गाडी नसली तरी काही अडत नाही. खराडी-हडपसरला मात्र नको, सगळं शहर ओलांडून डोंगर गाठायचा म्हणजे हळूहळू जाणंच बंद होतं. मुंबईच ठरली तर सेंट्रल लाईन धर, शक्यतो कल्याण, कारण कर्जत आणि कसारा दोन्हीकडं लोकल जाते, कसाऱ्याहून पुढं जीपनं कळसूबाई (१६४६ मीटर) नाहीतर हरिश्चंद्रगड. डिपॉझिट भरायच्या आधी एकदा त्या एरियातून पहाटे निघून बघच.